उपवास शिबिराला जाताय? आधीचे १० दिवस आणि नंतरचं पारणं असं सांभाळा

शिबिराहून परतलेल्या माणसाचा फोन मला साधारण तिसऱ्या दिवशी येतो. पोट फुगलंय, पाय जड झालेत, उतरलेलं वजन पुन्हा चढलंय, आता काय करू? मी विचारते, "परत आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लंत?" उत्तर बहुतेक वेळा पोहे, उसाचा रस किंवा बहिणीच्या घरचं जेवण असं असतं. दुसरा प्रश्न असतो, "जायच्या आदल्या दिवसापर्यंत चहा किती घेत होतात?" उत्तर ठरलेलं: "नेहमीसारखाच, ४-५ कप."

मी स्वतः ६ शिबिरं केली आहेत आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या, कोपरीतल्या, नेरुळ-वाशीच्या बऱ्याच ओळखीच्यांची तयारी करून दिली आहे. शिबिरातले दिवस निसर्गोपचार केंद्रातली माणसं सांभाळतात. बिघडतं ते त्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे तुम्ही घरी असताना. म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन टोकांना दिली आहे.

सुरुवात करण्यापूर्वी: कोणता उपवास?

आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे आपणच म्हणतो. शिबिरातला उपवास तसा नसतो. तिथे साधारणपणे तीन प्रकार चालतात:

- जल उपवास: फक्त पाणी.
- लिंबू-मध पाण्याचा किंवा रसाचा उपवास: ठरलेल्या वेळी लिंबू-मध पाणी, फळांचा किंवा भाज्यांचा रस, नारळपाणी, गाळलेलं सूप.
- अल्पाहार किंवा फलाहार: दोन वेळा फळं, उकडलेली भाजी, ताक.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ३ दिवसांच्या रसाहाराच्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पाण्यावरचा उपवास ज्याला करायचाच आहे, त्याने तो डॉक्टर चोवीस तास हजर असलेल्या ठिकाणीच करावा. घरी, एकट्याने, मोबाइलवर पाहून कधीही करू नये.

टप्पा १: जायचं की नाही, हे आधी ठरवा

पुढीलपैकी काही लागू असेल तर बुकिंगचा विचार सोडा: गरोदरपण किंवा अंगावर दूध पाजणं, वय १८ पेक्षा कमी, टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, टीबी किंवा कॅन्सरचे चालू उपचार, फिट येणं, लिथियमची (मनाच्या आजारावरची) गोळी, मुळातच कमी वजन (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८.५ पेक्षा खाली). खाण्याशी बिनसलेलं नातं, म्हणजे उपाशी राहून मग भसाभस खाणं किंवा खाऊन उलटी काढणं, असं कधीही घडलं असेल तरी जाऊ नका. हे शेवटचं कुणी फॉर्मवर लिहीत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, निदान स्वतःपाशी तरी ते लपवू नका.

गाउट (युरिक अॅसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) असेल तर लक्षात घ्या की उपवासात युरिक अॅसिड वाढतं आणि अंगठ्याचा सांधा भर शिबिरात सुजू शकतो. पित्ताशयात खडे असतील तर तेही उपवासात त्रास देऊ शकतात. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत.

*तपासणी:* जायच्या आधी २-३ आठवड्यांत या चाचण्या करून घ्या: उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, युरिक अॅसिड, हिमोग्लोबिन. बीपी सलग ३ दिवस सकाळी मोजून कागदावर लिहा. हा कागद बॅगेत जाणार आहे.

टप्पा २: केंद्राला फोन करून हे विचारा

खोलीत एसी आहे का, हे शेवटी विचारा. आधी हे:

1. डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का? असले तर त्यांचं शिक्षण काय? निसर्गोपचाराची पदवी बीएनवायएस ही असते आणि तिचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो.
2. बीपी, नाडी आणि साखर दिवसातून किती वेळा मोजतात?
3. एनिमा, कुंजल (मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं), स्टीम बाथ सक्तीचे आहेत की नको म्हणता येतं?
4. जवळचं मोठं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी असते का?
5. पारण्याचे किती दिवस केंद्रातच होतात?

पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जितके दिवस उपवास, त्याच्या निदान निम्मे दिवस पारणं, हा साधा हिशेब धरा. ४ दिवस उपवास आणि पाचव्या दिवशी सकाळी ग्लासभर रस देऊन निरोप, असं वेळापत्रक असेल तर ते केंद्र टाळा, दर कितीही परवडणारे असोत.

सावधान: "आमच्याकडे आल्यावर सगळ्या गोळ्या बंद करतो" असं फोनवरच सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. तुमचे रिपोर्ट न बघता हे कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ३: तारीख ठरवताना परतीचा आठवडा बघा

लोक जाण्याची तारीख सुट्टी बघून ठरवतात. पण मोकळे हवेत ते परतल्यानंतरचे ५ दिवस. शिबिराहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गणपती बसणार असतील तर मोदकाला नाही म्हणणं कुणालाही जमत नाही आणि घरच्यांनाही ते पटत नाही. पाडव्याला ठाण्यातल्या स्वागतयात्रेहून आलं की ताटात श्रीखंड-पुरी असतेच. लग्न, साखरपुडा, बारसं, सगळं कॅलेंडरवर बघून घ्या.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या पहिल्या शिबिरात ४ दिवस रसावर होते. रविवारी दुपारी घरी आले आणि संध्याकाळी मावसभावाच्या साखरपुड्याला गेले. दोनच पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर श्रीखंड. घास तोंडात गेला तेव्हा इतकं गोड लागलं की डोळे भरून आले. रात्री ११ वाजता पोटात पिळवटून कळा सुरू झाल्या, मग उलट्या. पहाटेपर्यंत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून होते आणि आई पाठीवरून हात फिरवत होती. ते सगळं टाळता आलं असतं, केवळ कार्यक्रमाची तारीख आधी बघितली असती तर.

एप्रिल-मे सोडून द्या. उन्हाळ्यात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि उपवासात ते भरून काढणं अवघड असतं.

टप्पा ४: गोळ्यांचं वेळापत्रक लिहून घ्या

हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच ठरलं पाहिजे, निघण्याच्या निदान १ आठवडा आधी. त्यांच्यासमोर औषधांची सगळी पाकिटं ठेवा आणि कोणत्या दिवशी कोणती गोळी, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पुढच्या औषधांबद्दल स्वतःहून विचारा:

- इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (मधुमेहाची औषधं): पोटात अन्न नसताना हे घेतलं तर साखर धोकादायकपणे खाली येते.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (याही मधुमेहाच्याच गोळ्या): यांच्यावर असताना उपाशी राहिलं तर रक्तात कीटोन आम्ल (चरबी जळताना तयार होणारं) साचू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतो आणि माणूस गंभीर होत जातो. म्हणून याविषयी न विसरता विचारा.
- बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या: उपवासात बीपी आपोआप उतरतं. डोस तोच राहिला तर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: आहार बदलला की वॉरफॅरिनचा परिणामही बदलतो.
- डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या: रिकाम्या पोटी जठराला आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडालाही त्रास.

थायरॉइडची सकाळची गोळी सहसा चालूच राहते, तरी तीही त्या कागदावर असू द्या.

टप्पा ५: आधीचे १० दिवस

यातला चहा हा एकच भाग केला तरी निम्मं काम होतं.

शिबिराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी जे डोकं ठणकतं, त्याचं खापर भुकेवर फोडलं जातं. खरं कारण पुष्कळदा चहा-कॉफी एकदम तुटल्याचं असतं. कॅफिन थांबलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि काहींना ती ९ दिवसांपर्यंत रेंगाळते. ३ दिवसांच्या शिबिरासाठी पैसे भरायचे आणि तिन्ही दिवस कपाळाला पट्टी बांधून पडायचं, असं होऊ देऊ नका.

दिवसाला ४ कप घेणाऱ्याने, निघण्याच्या दिवसापासून उलटं मोजत, असं उतरवावं: दहावा आणि नववा दिवस ३ कप, आठवा आणि सातवा २ कप, सहावा आणि पाचवा १ कप, चौथ्या दिवशी अर्धा, शेवटचे ३ दिवस शून्य. कप तोच वापरा, मोठा मग काढू नका. सकाळचा कप सगळ्यात शेवटी सोडा, कारण तो सोडणं सगळ्यात जड जातं. त्या जागी आलं-गवती चहा उकळून घ्या. साखर मात्र त्यातही हळूहळू कमी करत न्या. ऑफिसात टपरीवरचा कटिंग मोजायचा राहून जातो. तोही कपच आहे. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांचंही हेच: तिथे जाऊन तोडायचं ठरवलं असेल तर आधी घरी सुरुवात करा.

जेवणाचा क्रम असा:

1. दहाव्या ते सातव्या दिवसापर्यंत तळलेलं, मांसाहार, बाहेरचं खाणं आणि दारू बंद. रात्रीचं जेवण ८ च्या आत.
2. सहाव्या ते चौथ्या दिवसापर्यंत दोन जेवणं आणि मध्ये फळ. फरसाण, बिस्किटं, येता-जाता तोंडात टाकायचे दाणे बंद.
3. शेवटचे ३ दिवस मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दुधी, पडवळ, लाल भोपळा, ताक. आदल्या रात्री फक्त सूप किंवा पेज.

नेहमीची चूक: "आता ५ दिवस उपाशीच राहायचंय" म्हणून आदल्या रात्री हॉटेलात भरपेट जेवणं. जड जेवणाने पोट गच्च होतं, दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

*तपासणी:* या १० दिवसांत एखाद्या रविवारी घरी फळांवर राहून बघा. दुपारी ४ वाजता हात थरथरले, घाम फुटला, तर केंद्राला आणि डॉक्टरांना ते आधीच सांगा.

टप्पा ६: बॅग आणि प्रवास

गरम कपडे लागतात, हे कुणाला खरं वाटत नाही. उपवासात हातपाय गार पडतात. दमट ठाण्यात राहणाऱ्याला पंख्याखालीही शाल लागते. सोबत सैल सुती कपडे, पायमोजे, न घसरणाऱ्या चपला, जीभ साफ करायची पट्टी, रिपोर्टची फाइल, गोळ्या मूळ पाकिटात, घरचं ग्लुकोमीटर, एक वही. पर्समधली चिक्की आणि खाकरा घरी काढून ठेवा. मधुमेह्याने मात्र साखरेची पुडी किंवा ग्लुकोज जवळ ठेवायचंच आणि ते केंद्राला सांगून ठेवायचं.

जाताना लोकलने जा, हरकत नाही. कर्जतकडच्या केंद्रासाठी ठाण्याहून थेट गाडी मिळते. नवी मुंबईकर ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलतात. परतीचं नियोजन मात्र आत्ताच करा. उपवासानंतर गर्दीच्या डब्यात तासभर उभं राहणं आणि मग ठाणे स्टेशनचा पूल चढणं यात चक्कर येते. दुपारची वेळ धरा आणि घ्यायला कुणाला तरी बोलवा. स्वतः गाडी चालवत एक्स्प्रेस-वेने किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीतून येणं नको.

टप्पा ७: शिबिरातले दिवस

पहिला दिवस बरा जातो. यकृतातल्या साठवलेल्या साखरेवर शरीर साधारण दिवसभर चालतं. भूक नेहमीच्या जेवणाच्या वेळेला येते आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरते.

दुसरा आणि तिसरा दिवस कठीण. साठा संपतो, शरीर चरबीवर जातं, कीटोन तयार होतात. तोंडाला वास येतो, जिभेवर पांढरा थर बसतो, झोप विरळ होते, चिडचिड होते. या थराला आणि वासाला "विषं बाहेर पडताहेत" असं सांगतात. चावणं बंद आणि लाळ कमी, म्हणून जीभ पांढरी होते. वास कीटोनचा. हे माहीत असलेलं बरं, कारण "विषं निघताहेत" या समजुतीपायी लोक खरी धोक्याची लक्षणंही सोसत राहतात.

चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणांची भूक मंदावते. वजनकाट्यावर २-३ किलो उतरलेले दिसतात. त्यातला मोठा भाग पाणी आणि मिठाचा असतो, चरबीचा वाटा लहान. शौचाला २-३ दिवस झालं नाही तरी घाबरू नका.

रोज पाळायच्या गोष्टी:

- पाणी तहानेप्रमाणे, साधारण अडीच लिटर. लिटरच्या लिटर ओतू नका. फार पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं.
- उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. रात्री बाथरूमला जाताना तर नक्कीच.
- चालणं चालेल, सूर्यनमस्कारांची आवर्तनं नकोत.
- गरम टब आणि स्टीम एकट्याने नको.

माझ्या तिसऱ्या शिबिरात ऐरोलीचे एक काका गरम पाण्याच्या टबमधून झटकन उठले. दाराशी पोचेपर्यंत गुडघे वाकले आणि भिंतीला डोकं घासत ते खाली बसले. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात उपवासाने बीपी आधीच उतरलेलं असतं. मदतनीस बाहेर स्टुलावर होता म्हणून निभावलं.

इथे थांबा. पुढचं लक्षण दिसलं तर उपवास तिथल्या तिथे सोडून डॉक्टरांना बोलवा: शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, ठोके चुकणं, बोलण्यात गोंधळ, वारंवार उलट्या, दम लागणं, काळं शौच, उजव्या बरगडीखाली सतत कळ, ८ तास लघवी न होणं, साखर ७० च्या खाली. "अजून एकच दिवस राहिलाय" हा विचार यातल्या कुठल्याच लक्षणासमोर चालत नाही.

टप्पा ८: पारणं

उपवासात इन्सुलिन खाली गेलेलं असतं. अचानक पिठूळ किंवा गोड पोटात गेलं की ते उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांची पातळी घसरली की अशक्तपणा, सूज, श्वासाचा त्रास, हृदयाचे ठोके बिघडणं असं काहीही होऊ शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ५ दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर हा धोका खरा असतो, आणि माणूस बारीक असेल तर जास्त. अशा उपवासानंतर पहिल्या दोन दिवसांत खाणं नेहमीच्या निम्म्याहून जास्त असू नये आणि पोटॅशियम-फॉस्फेटची रक्ततपासणी व थायमिनच्या (जीवनसत्त्व बी-१) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

३ ते ४ दिवसांच्या रसाहारानंतर मी पाळते तो क्रम असा:

पहिला दिवस. सकाळी पिकलेल्या पपईच्या ४-५ फोडी. फोड तोंडात पातळ होईपर्यंत चावायची. एवढ्याला १५ मिनिटं लागली पाहिजेत. ३ तासांनी वाटीभर दुधीचं किंवा लाल भोपळ्याचं सूप. संध्याकाळी तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ, वर अर्धा चमचा तूप. पेज करताना मूठभर जुने तांदूळ भरडसर करून आठपट पाण्यात मंद आचेवर शिजवा, शीत बोटाने दाबलं की विरघळलं पाहिजे.

दुसरा दिवस. पेज, मुगाचं कढण, शिजवलेला दुधी, पातळ ताक. चार वेळा, दर वेळी वाटीभर.

तिसरा दिवस. मऊ भात-वरण, एक फुलका, भाजी, फळ, वाटीभर दही.

कोशिंबीर, कडधान्यं, शेंगदाणे आणि साबुदाणा पाचव्या दिवसानंतर. मिसळ, वडापाव, मटण यांना आठवडा जाऊ द्या. चहा परत सुरू करायचाच असेल तर पारण्याच्या चौथ्या दिवसानंतर अर्धा कप, तोही काही खाल्ल्यावर. खरं तर इतक्या कष्टाने सुटलेला चहा पुन्हा न धरलेला बरा.

नेहमीची चूक: स्टेशनबाहेर उसाचा रस पिणं. "रसच तर आहे, शिबिरातही रसच होता" असं वाटतं. शिबिरातला रस पातळ आणि मोजका असतो, हा ग्लासभर निव्वळ साखर.

टप्पा ९: घरचा पहिला आठवडा

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, शक्यतो कागदावर लिहून फ्रिजवर लावा. "किती उतरलाय चेहरा, घे ना एक घास" हे मायेपोटी म्हटलं जातं आणि त्याला नाही म्हणायला कागद उपयोगी पडतो.

ऑफिस दुसऱ्या दिवशी लगेच नको. जिम आणि उपवनच्या तलावाभोवतीच्या धावण्याला ५ दिवस सुट्टी, चालणं चालू ठेवा. बीपी आणि साखर रोज सकाळी मोजून त्याच वहीत लिहा आणि आठव्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बंद किंवा कमी केलेल्या गोळ्यांचा पुढचा डोस त्यांनीच ठरवायचा. आकडे चांगले दिसतात म्हणून गोळी आपणहून बंद ठेवायची नाही, कारण जेवण नेहमीचं झालं की आकडेही पुष्कळदा पुन्हा चढतात.

काट्यावर दीड-दोन किलो परत येतील. ते पाणी आणि मीठ आहे. घाबरून पुन्हा उपाशी राहू नका. पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, धाप लागत असेल किंवा ठोके अनियमित वाटत असतील, तर मात्र आठव्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि "मी इतके दिवस उपवास केला होता" हे वाक्य तिथे सगळ्यात आधी सांगा.